धरणात पाणी जास्त म्हणून साल्मन माशाची पिल्लं सुखात? अजिबात नाही

भाचीने शाळेचा प्रोजेक्ट वाचायला दिला तर त्यात तो सगळीकडे फिरणारा मेसेज जसाच्या तसा उतरवलेला. म्हणे धरणांमुळे साल्मन (नदीत जन्मून समुद्रात वाढणारे आणि अंडी घालायला परत नदीत येणारे मासे) कमी झाले हे खोटं, धरणात पाणी जास्त म्हणून पिल्लं सुरक्षित, धरण चढायला माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या आहेतच, मादी हजारो अंडी घालते, आणि मरतात ती समुद्रात. पोरीने विश्वासाने लिहिलंय, म्हणूनच डोकं फिरलं.

पाणी जास्त म्हणून सुरक्षित? अहो, बोटभर पिल्लू समुद्राकडे निघतं ते बऱ्याचदा तोंड प्रवाहाकडे आणि शेपटी समुद्राकडे करून, पाणी नेईल तसं. त्याला साठा नको, वेग हवा. त्याच दिवसांत अंग चंदेरी होतं, कल्ले खाऱ्या पाण्यासाठी तयार होतात, आणि ही तयारी काही आठवडेच टिकते. धरणाच्या फुगवट्यात पाणी संथ, पिल्लू रेंगाळतं, मुदत निघून जाते. त्यात पाणी उन्हाने तापतं. १० अंशाला एका लिटरमध्ये साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला ९, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो उलट जास्त. पिल्लं खाणाऱ्या मोठ्या माशांना मात्र तेच कोमट संथ पाणी मानवतं.

पायऱ्या वर चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी असतात. पिल्लं खाली येतात टर्बाइनमधून, बाजूच्या पाइपातून नाहीतर सांडव्यावरून. सांडवा त्यातल्या त्यात बरा, पण पाणी फार जोरात कोसळलं की त्यात जादा हवा विरघळते आणि पिल्लांच्या कल्ल्यांत बुडबुडे धरतात. अमेरिकेत स्नेक नदीच्या वरच्या भागातल्या पिल्लांना समुद्रापर्यंत ८ धरणं लागतात. तिथल्या सरकारी मत्स्य खात्याने २००८ मध्ये वसंतात समुद्राकडे निघणाऱ्या पिल्लांसाठी ठरवलेलं उद्दिष्टच दर धरणाला ९६ टक्के जगावीत असं होतं. ऐकायला छान वाटतं ना? भाचीला कॅल्क्युलेटरवर ०.९६ आठ वेळा गुणायला लावलं, आलं ०.७२. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं तरी शंभरातली २८ गेली, आणि यात मधल्या फुगवट्यांतली मर धरलेलीच नाही.

हजारो अंडी घालते कारण एरवीही त्यातली बहुतेक जगत नाहीत, ती काही शिल्लक नाही. वाळू-खडीत पुरलेल्या अंड्यांवर गाळ बसला तर तिथेच गुदमरतात.

समुद्रात खूप मरतात हे खरंय, मान्य. पण उशिरा, दमून पोचलेलं पिल्लू तिथे मेलं की ते समुद्राच्या खात्यात जमा होतं, नदीने काय केलं ते कोणी विचारत नाही.