तेल कोणतं, याआधी ते किती वेळा तापवलं ते विचारा

परवा मावशीकडे गेले, तर सूर्यफूल तेलाचा डबा गायब. खिडकीत, थेट उन्हात, काचेच्या बाटलीत घाण्याचं करडईचं तेल. शेगडीशेजारचा स्टीलचा डबा मात्र जागेवर होता, तळणीचं उरलेलं तेल गाळून ठेवलेला. कारण विचारल्यावर तिने फोन पुढे केला. हा मजकूर तुम्हालाही आला असेल: रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं शरीरात जाऊन गंजतात, त्यांतून विषारी अल्डिहाइड तयार होतात आणि हार्ट अटॅक येतो, घाण्याचं करडई-शेंगदाणा तेल गंजत नाही, तूप कितीही वेळा तापवा, काही होत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच बाकीचं लोकांना पटतं.

‘तेल गंजतं.’ हो, गंजतं. या तेलांत लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल भरपूर असतं. त्याच्या कार्बनच्या साखळीत दोन दुहेरी बंध आणि त्यांच्या मधोमध एक कार्बन. त्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तो सुटला की हवेतला ऑक्सिजन तिथे येऊन बसतो, आणि ऑक्सिजन चिकटलेला हा रेणू शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो. अशी एकातून एक साखळी पेटत जाते. यात तयार झालेली हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेली अस्थिर संयुगं, फुटली की त्यांतून अल्डिहाइड निघतात. खवट वासात मोठा वाटा असलेला हेक्झॅनल त्यातलाच. दुसरा ४-हायड्रॉक्सीनोनेनल, जो प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवतो. कढईच्या बाहेरच्या कडेला जमलेला, कितीही घासला तरी न निघणारा पिवळट चिकट थर पाहिलाय ना? तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो बनतो. जवसाचं तेल ऑइल पेंटमध्ये वाळून कडक होतं, तेही याच वाटेने.

‘शरीरातही असंच होतं.’ इथे मजकूर घसरतो. तळणीच्या कढईत १८० अंशांच्या आसपास तापमान, वर मोकळी हवा, आणि राखणीला तेलातलं थोडंसं ई जीवनसत्त्व, जे तळता तळता संपत जातं. शरीरात ३७ अंश असतात आणि राखण कितीतरी पक्की. पेशीतलं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोपेरॉक्साइड निकामी करतं, ग्लुटाथायोन अल्डिहाइडला बांधतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. ही राखण अमर्याद नाही. धमनीच्या भिंतीत एलडीएलचं, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचं, ऑक्सिडीकरण (हेच ‘गंजणं’) होतं आणि त्याचा रोगाशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. पण म्हणून लिनोलेइक आम्ल विष ठरत नाही. ते आपल्याला बनवता येत नाही आणि त्यावाचून चालतही नाही. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या शास्त्रज्ञ दांपत्याने उंदरांच्या आहारातली चरबी पूर्ण काढली, तर त्यांची त्वचा खवल्यांसारखी झाली आणि वाढ खुंटली. २०१९ साली ३० अभ्यासांतल्या ६८ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांच्या शरीरात लिनोलेइक आम्ल जास्त, त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी होते. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी विषच असतं, तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

विरुद्ध बाजूने सिडनीचा प्रयोग पुढे केला जातो, आणि तो दडवून चालणार नाही. १९६६ ते १९७३ दरम्यान हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर तो झाला. २०१३च्या फेरविश्लेषणात आहारात प्राणिज चरबीऐवजी लिनोलेइकवालं तेल वाढवलेल्या गटात मृत्यू जास्त आढळले. पण ते तेल कोणतं होतं? करडईचं. म्हणजे जे घ्या म्हणून हाच मजकूर सांगतो, तेच!

‘घाण्याचं तेल गंजत नाही.’ हे साफ चूक. दुहेरी बंध बियांतून येतात, यंत्रातून नाही. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं, मग ते लाकडी घाण्यातून येवो की कारखान्यातून. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पेरॉक्साइडची, म्हणजे तेल किती गंजलंय त्या मापाची, मर्यादा रिफाइंड तेलाला १० आहे आणि थंड पद्धतीने काढलेल्या तेलाला १५, म्हणजे अधिक सैल. घाण्याच्या तेलाची चव मलाही आवडते. पण ते थोडं थोडं आणावं आणि अंधारात ठेवावं. खिडकीतल्या उन्हात ते लवकर खवट होणार.

तुपात लिनोलेइक फार कमी, त्यामुळे ते टिकाऊ, इतकं खरं. पण त्यात कोलेस्टेरॉल असतं आणि पुन्हा पुन्हा तापवलं की तेही ऑक्सिडाइझ होतं. त्यातून कल्हई गेलेल्या पितळी कढईतलं तांबं या क्रियेला जोर देतं.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही, तो मावशीचा स्टीलचा डबा. माझी खरी काळजी ती आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल बिघडताना तयार होणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. घरी हे मोजायला उपकरण नसतं, पण न विरणारा फेस, दाटपणा, काळपट रंग आणि घशाला झोंबणारा धूर दिसतोच. मी झाकण काढून डबा मावशीच्या नाकाशी धरला. तिने लगेच तोंड फिरवलं. मग लहान कढई काढली, पुऱ्यांपुरतंच शेंगदाणा तेल घातलं. उरलेलं गाळून दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीला संपवलं.