खुलासा: यिर्मया २९:११ म्हणजे सात दिवसांची हमी नव्हे

म्हापसा-फोंडा भागातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (२९ वा अध्याय, ११ वी ओळ) सात दिवस म्हणा, अकरा जणांना पाठवा, गेलेली नोकरी आणि जमीन वर्षअखेरीपर्यंत परत मिळेल. असं वचन बायबलमध्ये नाही.

त्या ओळीत देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य देण्याचे आहेत. ते वाक्य बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या यहूद्यांना यिर्मयाने धाडलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या अगदी वरची ओळ, २९:१०, संदेशात गाळली आहे. तिथे मुदत आहे ७० वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीची वाट दिसणारच नव्हती. तरी ५ ते ७ ओळींत त्यांना सांगितलंय: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

झटपट सुटकेचं आश्वासन तेव्हाही दिलं गेलं होतं. २८ वा अध्याय उघडा. हनन्या नावाच्या खोट्या संदेष्ट्याने ‘दोन वर्षांत सगळं परत’ म्हणत यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू, म्हणजे बाबेलच्या सत्तेची खूण, मोडलं. देवाचं उत्तर आलं, आता लोखंडी जू येईल. हनन्या त्याच वर्षी मेला. बाबेलचा न्याय मात्र झाला: इ.स.पू. ५३९ मध्ये ते पर्शियाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं आणि परतीची परवानगी मिळाली. वचन पाळलं गेलं, पण देवाच्या मुदतीने.

असा संदेश आला की आधीच्या-नंतरच्या दहा ओळी वाचा. वचन कोणाला, किती मुदतीचं, सोबत आज्ञा कोणती, ते पाहा. जमिनीचा दावा असेल तर कोर्टाची तारीख चुकवू नका. प्रार्थना जरूर करा. अकरा जणांना पाठवायची अट देवाने घातलेली नाही.