गुलाल नंतर, आधी छाननीचं टेबल

सांगली-साताऱ्याकडं ग्रामपंचायतीचं वारं सुटलं की एखादा पॅनेलप्रमुख हमखास म्हणतो, "यंदा एक तृतीयपंथी उमेदवार देऊ, चर्चा होईल." चर्चा होतेच. पण अर्ज टिकतो की उडतो हे छाननीच्या टेबलावर ठरतं, आणि ती तयारी वर्षभर आधी लागते. ती कुणी करत नाही, हीच आमची तक्रार.

सातारा जिल्ह्याची हद्द संपली की पलीकडं माळशिरस तालुका. तिथल्या तरंगफळनं ऑक्टोबर 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं. माऊली म्हणतात त्यांना. राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच म्हणून फोटो सगळीकडं आले. त्याच वर्षी थेट जनतेतून सरपंच निवडायला सुरुवात झाली होती, ते मात्र बातमीत मागं पडलं. सात-नऊ सदस्य बंद खोलीत सरपंच ठरवतात तेव्हा भावकी बोलते. अख्खं गाव बटण दाबतं तेव्हा रोज दारात दिसणारा माणूस निवडून येऊ शकतो.

दुसरं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं. महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. 31 डिसेंबर 2020 च्या छाननीत, तृतीयपंथी म्हणून, तो बाद झाला. 2 जानेवारीला, शनिवारी, औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरायला लावला, कारण सोमवारी, 4 तारखेला, चिन्हवाटप होतं. 15 ला मतदान, 18 ला निकाल, आणि बाई निवडून आल्या. वकील आधीच गाठलेला नसेल तर अशा दोन दिवसांत काय होणार? खंडपीठाच्या त्या आदेशात एक अटही आहे: स्त्री ही ओळख एकदा घेतली की ती कायमची. पुढच्या खेपेला फायद्यासाठी पुरुष म्हणून उभं राहता येणार नाही. मध्य प्रदेशात कटनीच्या महापौर कमला जान यांचं पद महिला राखीव जागेवरूनच कोर्टात रद्द झालं होतं, पण ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नाल्सा निकालाआधी, म्हणजे आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य होण्याआधी. तरी आमचं मत सांगतो. वॉर्ड सर्वसाधारण खुला असेल तर तोच घ्या, तिथं लिंगावरून वाद घालायला जागाच नाही. महिला जागाच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, आधार, मतदार यादी, तिन्हीकडं एकच नोंद हवी आणि खंडपीठाच्या आदेशाची प्रत अर्जासोबतच जोडावी.

मतदार यादी हा पहिला खड्डा. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात आणि तीही ठरावीक तारखेची. त्यानंतर फॉर्म 8 भरून नाव-लिंग दुरुस्त केलं तरी या निवडणुकीला उपयोग नाही. आणि कितीतरी जण राहतात मिरजेला गुरूकडं, म्हणजे समाजातल्या वडीलधाऱ्याकडं, नाव असतं गावात. मग कुणीतरी 'स्थलांतरित' म्हणून अर्ज देतं आणि नावच उडतं. यादी वर्षातून दोनदा तरी उघडून बघा.

खरी गोची जातीच्या दाखल्याची. राखीव जागा असेल तर जातवैधता लागते, निदान समितीकडं अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. वैधतेला वंशावळ लागते, वडील-आजोबांचे शाळेचे दाखले लागतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आता ज्या घरानं पंधराव्या वर्षी बाहेर काढलं, त्याच घरच्या ट्रंकेत हे कागद. वडिलांच्या नावाच्या रकान्यात गुरूचं नाव असेल तर समिती विचारणारच, रक्ताचं नातं दाखवा. जतला यल्लम्माच्या जत्रेत डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेल्या जोगत्याच्या पाया पडायला रांग लागते, आणि रांगेतलाच चुलता दाखल्याची झेरॉक्स द्यायला महिनाभर 'उद्या ये' करतो. तिथं पॅनेलप्रमुखानं स्वतः जाऊन बसावं. तेवढी त्याची वट असते. जुन्या दाखल्याची प्रत शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनही निघते, सगळं चुलत्यावर सोडू नका.

शिक्षणाची अट तर लक्षातच येत नाही कुणाच्या. 1 जानेवारी 1995 ला किंवा नंतर जन्म असेल तर सातवी पास पाहिजे. वर्गातल्या चिडवण्यानं पाचवीत शाळा सुटलेली पोरं इथंच अडतात. जुन्या नावाचा दाखला आणि नवं नाव यांच्यामध्ये राजपत्रातली नावबदलाची नोंद लावा. नाहीतर विरोधी पॅनेल हरकत घेणार की ही व्यक्ती वेगळी आहे.

बाकी शौचालयाचा दाखला, घरपट्टीची थकबाकी, अनामत, हे सगळ्यांनाच. सर्वसाधारणला 500, मागासवर्गीयाला 100 रुपये.

आणि गुलाल धुतल्यावर एक कागद राहतोच. निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब तहसीलला द्यायचा. हरलेल्यानंही. पॅनेलवाले आपापला देतात, मिरवायला आणलेल्या उमेदवाराला सांगायचं राहून जातं, आणि मग 5 वर्षांपर्यंत निवडणूक बंद होऊ शकते. पोच घेऊन फाइलला लावा.