अडीच मीटर, आराम से

कापड किती घ्यायचं हे दुकानात गेल्यावरच ठरवावं. घरून मापं काढून निघणाऱ्या बायका मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतात. पर्समध्ये टेप, टेपभोवती कागद, कागदावर छाती, उंची, बाही. खरेदीला निघाल्यात की पंचनाम्याला? तुम्ही इंदुरात राजवाड्यापाशी उतरा, शीतलामाता बाजारात शिरा, दोन-चार कोपरे खा, पहिल्या रिकाम्या गादीवर बसा आणि तिसरं थान, म्हणजे कापडाचा तागा, उलगडलं की विचारा, एका कुर्त्याला किती लागेल?

दुकानदार तुमच्याकडे एकदाच बघेल. तुम्ही बसलेल्या असता, त्यामुळे त्याला तुमची अर्धीच उंची दिसते, पण तेवढी पुरते. ‘ढाई मीटर, भाभीजी. आराम से बन जाएगा.’ इंदुरात सकाळी पोहे आणि कुर्त्याला ढाई मीटर, यावर चर्चा होत नाही. पाच फुटी असा, साडेपाच फुटी असा, बाही पाऊण हवी असो की पूर्ण. तुमचा समज असेल की दुकानदाराला जास्त कापड खपवायचं असतं. छे! त्याला तुम्हाला गादीवरून उठू द्यायचं नसतं. तीन म्हटलं की बिल वाढतं आणि भाभीजी शेजारच्या दुकानात. आता ‘आराम से’ म्हणजे नक्की कुणाच्या आरामात, हे विचारू नये.

आणि पन्हा तर मुळीच विचारू नका. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. कुठे छत्तीस इंच, कुठे चव्वेचाळीस, कुठे अठ्ठावन्न. हे एकदा कळलं की मन अस्वस्थ होतं, म्हणून सांगत नव्हते. उदाहरणार्थ, कुर्त्याची उंची ४४ इंच. खांद्याची शिवण आणि खालचा दुमडा धरून ४७. पुढचा भाग साधारण २८ इंच रुंद, मागचाही तेवढाच. अठ्ठावन्न पन्ह्यात हे दोघं शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने मावतात. बाह्यांचे २० इंच वेगळे घातले की ६७ इंच, म्हणजे १ मीटर ७० सेंटिमीटरमध्ये खेळ खलास. चव्वेचाळीस पन्ह्यात पुढचा-मागचा एकाखाली एक, पण प्रत्येकाच्या कडेला उरलेल्या पट्टीत एकेक बाही बसते. अडीच मीटर खरोखरच पुरतं. छत्तीस पन्ह्यात मात्र कडेला आठ इंचांची पट्टी उरते, तिच्यात बाही बसत नाही. मग ४७, पुन्हा ४७ आणि वर २०. झाले की नाही २ मीटर ९०? बाई तीच, शिंपीही तोच, फरक सव्वा मीटरच्या जवळपास. इतकं गणित मांडत बसलं तर सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला कधी जाणार?

त्यापेक्षा आजीला विचारावं. आजी म्हणेल, ‘तीन वार पुष्कळ झालं.’ दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा, पण तो आजीपर्यंत अजून पोचलेला नाही. तिचा वार ३६ इंचांचा, दुकानातली पट्टी मीटरची, म्हणजे ३९ इंचांहून थोडी जास्तच. आजीचे तीन वार तुम्ही तीन मीटर समजून घेतलेत तर जवळपास २६ सेंटिमीटर फुकट वाढतात. आजीचा हिशोब कधी चुकत नाही अशी ख्याती घरोघर आहे, ती अशी.

महेश्वरीचं कापड घेणार असाल तर आणखीच मजा. त्याचे काठ लांबीच्या दोन्ही कडांना. तुम्हाला काठ कुर्त्याच्या घेरावर हवा असतो, आणि त्यासाठी कापड आडवं धरून बेतावं लागतं. आता कुर्त्याची उंची ठरवणार पन्हा, आणि मीटर लागणार ते घेरासाठी. म्हणजे चव्वेचाळीस पन्ह्यात सत्तेचाळीस इंच मागायला जाऊ नये. जाऊ नये म्हटलं, तरी आपण जातोच. चौकड्याचं कापड शिवणीवर जुळवायला जास्त लागतं, मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, हे आपल्याला कापल्यानंतर आठवतं. माझ्या एका कुर्त्याच्या पाठीवर सहा मोर शीर्षासन करतात. पुढून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

सुती कापड आधी भिजवू नका. तीन मीटरमागे पाच टक्के जरी आटलं तरी १५ सेंटिमीटर जातात, आणि ते शिवण्याआधी गेलेले डोळ्यांना दिसतात. शिवल्यानंतर गेले तर दोष वजनावर ढकलता येतो.

आणि माया. शिवणीच्या आत सोडायच्या कापडाला ‘माया’ म्हणायचं कुणाला सुचलं असेल देव जाणे. आमच्या आईने फ्रॉकच्या कडेला इतकी माया ठेवली होती की तोच फ्रॉक मी तिसरीत घातला, पाचवीतही घातला, आणि वर उसवलेल्या शिवणीची रेघ सगळ्या वर्गाने पाहिली. मी अंगापुरतंच कापड घेते. मायेच्या फंदात पडत नाही.

या सगळ्या अनुभवाच्या जोरावर आमच्या भजनी मंडळाच्या अकरा जणींच्या कुर्त्यांची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. या शहरात कधीकाळी कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या, मालवा मिलचं नाव अजून चौकाला आहे. अकरा कुर्त्यांचा अंदाज इथल्या बाईला येऊ नये? माझा मागचा कुर्ता दोन मीटरमध्ये झाला होता. मी उदार मनाने दर डोई अर्धा मीटर वाढवला. एकूण साडेसत्तावीस. हातमागाचं कापड, रंग डाळिंबी, पन्हा विचारला नाही.

पन्हा छत्तीस होता.

टेलर मास्टरांनी थान सलग कापलं. नऊ कुर्ते झाले. दहाव्याचा पुढचा भाग झाला. मग ते कात्री खाली ठेवून म्हणाले, ‘दीदी, अब पीठ कहाँ से लाऊँ?’ मी हातातला तुकडा घेऊन दुकानात गेले. त्या थानातला पावणेदोन मीटरचा एक कटपीस निघाला, त्यात दहावीची पाठ आणि बाह्या भागल्या. अकराव्या कुर्त्यासाठी नवं थान उघडलं. ‘वही रंग है, भाभीजी, बस लॉट दूसरा है.’ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली खरंच तोच वाटत होता. उन्हात आणला तर डाळिंबाचा पेरू झाला होता.

अकरावी मी. गणपतीत कार्यक्रम होते तेव्हा मी मागच्या रांगेत, पेटीवालीच्या आड उभी राहून गात होते. पुढच्या वर्षी मंडळाला साड्यांचे ब्लाउज शिवायचे आहेत. कापडाचं काम कुणाकडे द्यायचं यावर बैठक झाली, मला बोलावलं नाही.