वायटूके, ओझोन, धूमकेतू: "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेली काही वर्षं एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: "१९१० मध्ये धूमकेतूच्या विषारी वायूने सगळे मरणार होते. सत्तरच्या दशकात हिमयुग येणार होतं. मग ओझोनचा थर संपणार होता. २००० साली सगळे संगणक बंद पडणार होते. २००८ मध्ये सर्नच्या यंत्रातून कृष्णविवर निघून पृथ्वी गिळणार होतं. २०१२ मध्ये जग बुडणार होतं. आता म्हणे लघुग्रह आदळणार. काहीच झालं नाही. शास्त्रज्ञ घाबरवतात आणि निधी मिळवतात. पुढच्या वेळी सरळ दुर्लक्ष करा."

हा मजकूर चटकन पटतो, कारण यातली प्रत्येक भीती खरोखरच पसरली होती. पण ही भीती कोणी पसरवली आणि नंतर "काही झालं नाही" ते नेमकं कशामुळे, हे दोन प्रश्न तो विचारतच नाही. ते विचारले की ही यादी एकसंध राहत नाही. मी सुरुवात वायटूकेपासून, म्हणजे २००० सालच्या संगणकांच्या अडचणीपासून करतो, कारण सर्वात मोठा अन्याय त्या कामावर झाला आहे.

"२००० साली संगणक बंद पडणार होते, एकही पडला नाही."

पन्नास-साठच्या दशकात माहिती साठवायची जागा अतिशय महाग होती. छिद्रं पाडून माहिती नोंदवायच्या एका पंचकार्डावर ८० अक्षरं मावत. त्यामुळे वर्षाचे पहिले दोन आकडे गाळायची पद्धत पडली आणि १९६५ चं ६५ झालं. ९९ मधून ६५ वजा केले की ३४ हे वय बरोबर निघतं. ०० मधून ६५ वजा केले की उणे ६५ निघतं. ही साधी वजाबाकी होती, त्यात भविष्य सांगण्याचा प्रश्नच नव्हता. व्याज, निवृत्तिवेतन, विम्याची मुदत, औषधांची कालमर्यादा, सगळीकडे हीच वजाबाकी चालू होती. बॉब बीमर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने सत्तरच्या दशकातच याबद्दल लिहिलं होतं. नव्वदच्या दशकात जगभरच्या प्रोग्रामरांनी जुन्या प्रोग्रॅमांच्या ओळीन् ओळी तपासल्या, तारखा पुढे ढकलून चाचण्या घेतल्या, जे सुधारता येत नव्हतं ते बदललं. या सगळ्याच्या खर्चाचे त्या काळातले अंदाज ३०० ते ६०० अब्ज डॉलरचे होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने देशादेशांत समन्वय राखायला एक आंतरराष्ट्रीय केंद्रही उभं राहिलं.

इतकं करूनही काही चुका निसटल्याच. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या एका प्रयोगशाळेत संगणकाने गर्भवतींची वयं चुकीची मोजली. डाऊन सिंड्रोम या जन्मजात विकाराची जोखीम आईच्या वयावरूनही ठरवणाऱ्या चाचणीत १५० हून अधिक स्त्रियांना चुकीचा निष्कर्ष कळवला गेला, आणि ते मे २००० पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांकडून येणारी माहिती जमिनीवरच्या यंत्रणेला काही तास वाचताच येईना. जपानमध्ये इशिकावा इथे किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं मध्यरात्रीनंतर बंद पडली. धोका झाला नाही, पण बिघाड झाला. शेफील्डच्या त्या कुटुंबांना "काहीच झालं नाही" असं कोणी सांगू शकेल का?

यावर एक जास्त विचारी आक्षेप घेतला जातो: ज्या देशांनी फारशी तयारी केली नाही तेही सुखरूप राहिले, मग हा खर्च कशाला? आक्षेपात थोडं तथ्य आहे. काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त खर्च झाला, आणि भीती विकून धंदा करणारे सल्लागारही होते. पण संगणक आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या जगभर त्याच होत्या. त्यांनी एकदा केलेली दुरुस्ती सगळ्या ग्राहकांपर्यंत पोचली. उशिरा सुरू करणाऱ्यांना आधीच्यांचे धडे आयते मिळाले, आणि ज्यांचे व्यवहार संगणकावर कमी चालत त्यांचं बिघडण्यासारखंही कमीच होतं. विमानं आकाशातून पडतील, क्षेपणास्त्रं आपोआप सुटतील, ही चित्रं रंगवणारे लोक बहुतेक वेळा दुरुस्ती करणारे नव्हते. दुरुस्ती करणारे त्या ३१ डिसेंबरच्या रात्री कामावर बसले होते. त्यांच्या यशालाच आज त्यांच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून दाखवलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

"ओझोनचा थर संपणार होता, आता कोणी नावही काढत नाही."

नाव काढत नाहीत, कारण जग वेळेवर वागलं. जून १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवलं की शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वर जाऊन फुटतात, त्यातून क्लोरीन सुटतो, आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. रसायन उद्योगाने कडाडून विरोध केला. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातली मोजमापं प्रसिद्ध केली. तिथला वसंत ऋतूतला ओझोन सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. पुढच्या दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, अशी रसायनं बंद करण्यासाठी माँट्रियल करार झाला. आज १९८ सदस्य त्याला बांधील आहेत आणि बंदी घातलेल्या रसायनांपैकी जवळजवळ ९९ टक्के वापरातून गेली आहेत.

करार झाला नसता तर काय झालं असतं, याचं गणित नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं: २०६५ पर्यंत जगाचा दोन तृतीयांश ओझोन गेला असता. प्रत्यक्षात अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला परतेल असा अंदाज आहे. म्हणजे जखम अजून भरतेच आहे, आणि पहाराही चालू आहे. २०१८ मध्ये हवेच्या मोजणीतून लक्षात आलं की सीएफसी-११ हा बंदी असलेला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू कोणीतरी पुन्हा सोडतो आहे. त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचं २०१९ मध्ये दिसलं, आणि नंतर ते उत्सर्जन खाली आलं. कोणी मोजतच नसतं, तर हे कळलंही नसतं.

हिमयुगाचा मुद्दा लवकर संपतो. १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध २००८ मध्ये तपासले गेले, तेव्हा पृथ्वी थंड होईल असं सुचवणारे ७ आणि तापेल असं सुचवणारे ४४ सापडले. हिमयुगाच्या बातम्या छापल्या गेल्या हे खरं, पण तेव्हाही बहुतेक संशोधन उलट दिशेला बोट दाखवत होतं.

"धूमकेतू, कृष्णविवर, २०१२: सगळी शास्त्रज्ञांची भाकितं."

यातलं एकही शास्त्रज्ञांच्या समुदायाचं भाकीत नव्हतं. १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूत सायनोजेन हा विषारी वायू आढळला, इतकं खरं. त्याने जीवसृष्टी संपू शकेल, असं मत वृत्तपत्रांनी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामीय फ्लामारियाँ यांच्या नावावर छापलं. शेपटीतला वायू इतका विरळ असतो की पृथ्वीवर काहीही परिणाम होणार नाही, असं इतर खगोलशास्त्रज्ञ सांगत होते. मथळा मात्र विषाचा झाला, आणि लोकांनी धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या. २०१२ ची गोष्ट माया दिनदर्शिकेच्या चुकीच्या अर्थातून आली, आणि ती खोडायला नासाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं घाबरलेल्या लोकांच्या पत्रांना उत्तरं देत होते.

सर्नचं प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. सर्न ही युरोपातली प्रयोगशाळा आहे, आणि तिचं यंत्र अतिवेगवान कणांच्या टकरी घडवतं. कृष्णविवराच्या भीतीने हवाईत खटला भरला गेला. सर्नच्या सुरक्षा गटाने ही शंका हसण्यावारी नेली नाही, २००८ मध्ये तिला सविस्तर उत्तर दिलं. यंत्रातल्या टकरींपेक्षा जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, पृथ्वीवर साडेचार अब्ज वर्षं आदळत आहेत, आणि पृथ्वी जागेवर आहे. यावरही उपप्रश्न आला: वैश्विक किरणांतून बनलेलं कण-कृष्णविवर वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जाईल, यंत्रातलं मात्र संथ असेल आणि इथेच अडकेल, तर? मग श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे आकसलेले अवशेष, तपासले गेले. ते इतके दाट असतात की वेगवान कृष्णविवरालाही थांबवतील, आणि तरीही असे तारे आपल्याला आकाशात शाबूत दिसतात. १० सप्टेंबर २००८ ला यंत्र सुरू झालं आणि नऊ दिवसांनी खरंच अपघात झाला. चुंबकांमधला एक विजेचा जोड सदोष होता, तो वितळला आणि कित्येक टन हेलियम बाहेर पडला. यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद राहिलं. ज्या दोषाची बातमी कधीच झाली नव्हती तोच नडला.

"लघुग्रह आदळणार म्हणाले, मग शब्द फिरवला."

२७ डिसेंबर २०२४ ला २०२४ वायआर४ हा लघुग्रह सापडला. २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. हे शब्द फिरवणं नाही. थोड्या निरीक्षणांवरून काढलेल्या कक्षेत लघुग्रह त्या दिवशी कुठे असेल याचा एक लांबच लांब पट्टा मिळतो. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल तर तिचा त्यातला वाटा वाढतो, म्हणून टक्केवारी चढते. मग पट्टा इतका आखडतो की पृथ्वी बाहेर पडते आणि आकडा कोसळतो. २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. तेव्हा २.७ टक्के शक्यता होती, आता १३ एप्रिल २०२९ ला तो सुमारे ३२,००० किलोमीटरवरून सुखरूप जाणार हे पक्कं आहे.

निधीच्या आरोपाचं उत्तरही इथेच आहे. भीतीवर पोट भरायचं असतं तर तीन टक्क्यांचा आकडा आठवड्याभरात शून्यावर आणायची घाई कोणी केली असती?

खऱ्या अर्थाने फसलेले इशारेही आहेत, आणि या यादीत तेच नेमके नाहीत. १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लू आढळला. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीची पुनरावृत्ती होईल या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही, उलट लसीनंतर काही शे जणांना गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि मोहीम थांबवावी लागली. ती चूक महागात पडली, आणि लसीनंतरच्या त्रासांवर बारकाईने लक्ष ठेवणं किती गरजेचं आहे हे तिने दाखवून दिलं. इशारा देणाऱ्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत: धोका कोणत्या मार्गाने घडणार, शक्यता किती, कशावरून काढली, उपायाचा स्वतःचा धोका किती.

पण संदेशाचा सल्ला प्रश्न विचारण्याचा नाही, कान बंद करण्याचा आहे. तो सल्ला प्रत्यक्षात पाळला गेला तेव्हा काय झालं, हे कोलंबियातल्या आर्मेरो गावाने भोगलं. नेवादो देल रुइस ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता. चिखलाचे लोंढे येऊ शकणाऱ्या पट्ट्यात आर्मेरो स्पष्ट दाखवलं होतं. उगाच घबराट पसरवली जाते आहे अशी टीका झाली. १३ नोव्हेंबरच्या रात्री शिखरावरचा बर्फ वितळून चिखल खाली आला, आणि त्या दुर्घटनेत सुमारे २३,००० माणसं गेली. लोंढा गावात पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. तेवढ्या वेळात उंच जागी चढून जाणं शक्य होतं.

आणि पुढचा इशारा आजच समोर आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारे संगणक १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, मोजदादीच्या टोकाला पोचतील, आणि पुढच्या सेकंदाला त्यांचं घड्याळ १९०१ दाखवेल. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीने २०२० मध्ये आपल्या गाभ्यात यावरची दुरुस्ती आणली. नव्या यंत्रांत बहुधा अडचण येणार नाही. कारखान्यांतले नियंत्रक, मोजमापाची उपकरणं, वर्षानुवर्षं न बदललेली छोटी यंत्रं मात्र एकेक करून शोधून तपासावी लागणार आहेत, आणि ते काम करणाऱ्यांना आत्ताच वेळ आणि पैसा द्यावा लागेल.