'मुद्दाम लांबवतात' या रिव्ह्यूला फिजिओथेरपी क्लिनिकचं उत्तर

नमस्कार काका,

त्या शनिवारी तुम्हाला ४० मिनिटं ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल माफी मागते. उशीर आमच्याकडून झाला, फोन करून कळवायला हवं होतं. 'दुपारी १ ते ४ बंद, पुणेरी थाट' असंही लिहिलंत. त्या वेळात मी कोथरूड-वारज्यात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाते. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, हे मान्य.

पण 'सहा आठवडे झाले, काहीच फरक नाही, पैशांसाठी मुद्दाम लांबवतात' हे फार लागलं. लांबवायला नस माझ्या हातात नाही हो. कोपराखाली सुपिनेटर स्नायूच्या कडेशी रेडियल नर्व्हची, म्हणजे बोटं उचलणाऱ्या नसेची, फांदी आवळली गेली होती, ती सर्जननी मोकळी केली. पण आतले तंतू खराब झालेत, हे ईएमजीत, म्हणजे नस-स्नायूंच्या तपासणीत, आधीच दिसलं होतं. असे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. अंगठा आणि तर्जनी उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत नस सगळ्यात शेवटी पोचते. पहिल्याच दिवशी मी कागदावर हात काढून हे समजावलं, 'चार-सहा महिने धरून चाला' म्हटलं. तो कागद तुम्ही घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलात. लांबवायचंच असतं, तर आठवड्याला दोनच सेशन दिली असती का? बाकी व्यायाम घरीच करायला सांगितले ना?

आणि 'काहीच फरक नाही' कसं? पाचव्या आठवड्यात तुमचा पंजा टेबलावर पालथा ठेवून मी मधल्या बोटाखालून पोस्टकार्ड सरकवलं, ते अडकलं नाही, म्हणजे बोट उचललं गेलं. बाहेर बसलेल्या काकूंना तुम्हीच हाक मारून बोलावलंत.

स्प्लिंटचे, म्हणजे बोटांना आधार देणाऱ्या पट्टीचे, पैसे पाण्यात गेले म्हणता. सांगणार नव्हते, पण तो स्कूटरच्या डिकीत असतो, हे तुम्हीच हसत हसत सांगितलं होतंत. बोटं दिवसभर लोंबत राहिली की सांधे आखडतात. मग नस येऊनही उपयोग होत नाही.

नवे पेशंट फोन करायच्या आधी हे सगळं वाचतात. काल दोघांनी वेळ रद्द केली. कारण मी विचारलं नाही.

अपॉइंटमेंटचं काहीतरी नीट बसवतोय, पाटीही बदलू. शनिवारची सव्वासहाची तुमची वेळ अजून कुणाला दिलेली नाही. येताना स्प्लिंट तेवढा आणा.