पियानोला बसायचं कसं? चादरीची घडी घालून!

पोराला पियानो शिकवायचाय ना, मग पहिलं काम म्हणजे सगळे पैसे कीबोर्डात घाला आणि स्टुलावर एक रुपया खर्च करू नका. बसायला घरात खुर्च्या कमी आहेत का, गच्चीवर हातवाल्या प्लास्टिकच्या चार पडल्यात की, त्यातलीच एक आणा. हातवालीच हवी बरं का, म्हणजे कोपर जागचं हलणार नाही आणि टोकाच्या सुरांकडे जायचं झालं की पोरगं खुर्चीसकट सरकेल, तेवढाच व्यायाम. शिकवणारे म्हणतात सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाय जमिनीला टेकवा, म्हणजे धड मोकळं राहतं. पण खुर्ची घेतली अख्खी आणि बसायचं अर्ध्यावर, हे काय पटत नाय आपल्याला. मस्त रेलून बसवा.

आता उंची. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 28-29 इंचांवर असतात आणि आपली खुर्ची सतरा इंचांच्या आसपास, त्यात पोरगं आठ वर्षांचं. कोपर पट्ट्यांच्या लेव्हलला किंवा किंचित वर पाहिजे म्हणतात, नाहीतर मनगट खाली लोंबतं आणि खांदे कानाला जाऊन टेकतात. टेकू द्या. आणि अगदीच वाटलं तर सोलापुरात राहून उंचीचं टेन्शन घ्यायचं काय बे, चादर आहे की! जीआय टॅगवाली, लग्नात आलेली, कपाटात नुसती पडलेली. दोन चादरी चार-चार घड्या करून खाली टाका. पहिलं गाणं संपेपर्यंत त्या दबतात, दुसऱ्याला तिसरी लागते, आणि मे महिन्यात 43 डिग्रीला तीन चादरींवर बसून पोरगं जे काही वाजवेल त्याला रियाज नाही, तपश्चर्या म्हणायचं.

पाय पोचत नाहीत? लोंबू द्या. खाली पाट ठेवा असं सांगतात, पण पाट पाहुण्यांसाठी असतो. पेडल मात्र गुळगुळीत फरशीवरच ठेवा, पाय दाबला की ते पुढे पळतं, पोरगं त्याच्या मागे घसरतं, गाणं संपेपर्यंत दोघंही टीव्हीखाली. कीबोर्डचा स्टँड कात्रीसारखा घडीचा असेल तर अजून छान, उंची कमी करायला तो जितका पसरवाल तितका गुडघ्यांना आडवा येतो.

तेवढ्यात आमचे काका येणार आणि म्हणणार, आम्ही मांडी घालून पेटी वाजवली, आमचं काय वाकडं झालं? बरोबर आहे काका. पेटीत आवाज भात्याच्या हवेचा असतो आणि पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्याचा, म्हणून तिथं हाताचं, खांद्याचं, पाठीचं सगळंच कामाला लागतं, हे काकांना सांगू नका. चहा द्या.

कोणी फारच अक्कल शिकवली तर ग्लेन गुल्डचं नाव फेका. कॅनडाचा जगप्रसिद्ध पियानोवादक, 1932 ते 1982, तो जमिनीपासून फक्त 14 इंचांवरच्या खुर्चीत बसायचा, वडिलांनी पाय कापून तयार करून दिलेली घडीची खुर्ची, कार्यक्रमाला जाईल तिथं सोबत न्यायचा, आणि पुढं सीट फाटून नुसता सांगाडा उरला तरी सोडली नाही. त्याला पाठीचा, हातांचा त्रास होता, ते सांगू नका. आणि वडिलांची नक्कल पण करायला जाऊ नका, मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला करवत लावली तेव्हा आमच्या मातोश्रींनी पाय कुणाचे कापायचे यावर वेगळंच मत मांडलं होतं.

तर एवढं सगळं नीट करून आम्ही लेकाला पियानोच्या परीक्षेला नेलं. तिथं खरा पियानो, समोर काळं गादीचं स्टूल, बाजूला उंची वरखाली करायचे गोल नॉब. लेक स्टुलाभोवती एक चक्कर मारून आला, वाकून खाली बघितलं, नॉबला हात पण लावला नाही, आणि परीक्षक मॅडमना म्हणाला, "मॅडम, चादर कुठाय?"